विजेचा हिशेब : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ति

रब्बीच्या हंगामांत गहूं ओंबीवर आला आहे, हरभऱ्यास दुसरें ओलित द्यावयाचें आहे, रात्रपाळीची वीज नुकतीच आली आहे, आणि नेमकी त्याच वेळीं विहिरीवरील मोटार जळते, हा अनुभव यवतमाळ जिल्ह्यांतील कास्तकारांस नवा नाहीं. मोटार काढून दारव्हा, पुसद किंवा पांढरकवडा येथील कारागिराकडे न्यावयाची, ती भरून येईपर्यंत दोनचार दिवस वाट पाहावयाची, आणि तोंवर सुकत चाललेल्या पिकाकडे पाहत बसावयाचें, असा हा प्रसंग असतो. मोटार भरण्याचा खर्च एक वेळ सोसतां येतो; परंतु ऐन वेळीं चुकलेलें पाणी मागाहून कितीहि पैसा ओतला तरी परत मिळत नाहीं.

मोटार कां जळली असें विचारलें असतां कोणी वीज कंपनीकडे बोट दाखवितो, कोणी कारागिराकडे, आणि कोणी नशिबाकडे. या तिघांपैकीं दोष कोणाचा हें ठरविण्यास साक्षीपुराव्याची जरुरी नाहीं. दोनतीन आंकडे मोजून घ्यावे, एक वजाबाकी, एक भागाकार व एक गुणाकार करावा, म्हणजे उत्तर कागदावर येतें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत क्षेत्राचे व आकारणीचे हिशेब जुळविण्यांत गेलें. विद्युत्शास्त्राचें उच्च शिक्षण त्यास मिळालेलें नाहीं. परंतु ज्यास त्रैराशिक येतें त्यास हा विषय समजतो, अशी खात्री पटल्यामुळें तो येथें कास्तकार बंधूंपुढें मांडला आहे.

तीन राशि

विजेच्या हिशेबांत मुख्य राशि तीन आहेत : दाब, प्रवाह आणि रोध. उंच टाकींतून नळानें वाफ्यांत पाणी सोडलें आहे अशी कल्पना करावी. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा जोर अधिक. विजेच्या बाबतींत या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्ट या मापानें मोजतात. नळांतून दर सेकंदास किती पाणी जातें तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअर या मापानें मोजतात. नळ अरुंद, फार लांब किंवा आंतून गंजलेला असला तर पाणी अडतें; तारेकडून विजेस होणाऱ्या अशा अडथळ्यास रोध म्हणतात आणि त्याचें माप ओहम हें आहे.

हा पाण्याचा दाखला एका बाबतींत अपुरा पडतो. पाणी वाफ्यांत पोहोंचलें कीं नळाचें काम संपतें. वीज मात्र परत फिरण्याची वाट मिळाल्याशिवाय वाहतच नाहीं. म्हणून दोन तारांच्या जोडणींत तारेची लांबी धरतांना जाण्याची व येण्याची अशी दोन्ही धरावी लागते. खांबापासून विहीर ३०० मीटर असेल तर विजेची वाट ६०० मीटरांची आहे. ही गोष्ट ध्यानांत न ठेवल्यास रोधाचा आंकडा निम्माच निघतो.

मापांचीं हीं नांवें तीन शास्त्रज्ञांवरून पडलीं आहेत. इटलींतील व्होल्टा (१७४५-१८२७) यानें १८०० सालीं पहिली विद्युत्घटमाला जगापुढें मांडली. फ्रान्समधील अँपिअर (१७७५-१८३६) यानें विद्युत्प्रवाह व चुंबकत्व यांच्या संबंधाचें गणित बसविलें. जर्मनींतील गेओर्ग ओहम (१७८९-१८५४) हा कोलोन शहरांत शिक्षक होता. त्यानें १८२७ सालीं या तीन राशींचा परस्परसंबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्याच्या स्वतःच्या देशांत आरंभीं त्याची फारशी कदर झाली नाहीं. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला.

ओहमचा नियम

नियम असा आहे : दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध निघतो.

रोध = दाब ÷ प्रवाह

यांतूनच दुसरीं दोन रूपें निघतात. दाब = प्रवाह × रोध, आणि प्रवाह = दाब ÷ रोध. शेताची लांबी व रुंदी ठाऊक असल्यास क्षेत्र निघतें, आणि क्षेत्र व लांबी ठाऊक असल्यास रुंदी निघते. तसाच हा प्रकार आहे. तिहींपैकीं कोणत्याहि दोन राशि हातीं आल्या कीं तिसरी आपोआप हातीं येते.

चौथी राशि शक्ति, म्हणजे काम करण्याचा वेग. ती काढण्यास दाबास प्रवाहानें गुणावें.

शक्ति = दाब × प्रवाह

शक्तीचें माप वॅट. वाफेच्या यंत्रांत सुधारणा करणारा जेम्स वॅट (१७३६-१८१९) याच्यावरून हें नांव पडलें. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ति. एक हजार वॅटांची शक्ति एक तास चालली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. वरील दोन नियम एकत्र केले तर शक्ति काढण्याचीं आणखी दोन रूपें मिळतात : प्रवाह × प्रवाह × रोध, आणि दाब × दाब ÷ रोध. यांतील पहिलें रूप वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. पुढें मोटारीच्या जळण्याचें कारण त्याच्यांतच सांपडणार आहे.

एक साधें उदाहरण घेऊं. पाणी तापविण्याच्या सळईवर २३० व्होल्ट, १००० वॅट असें छापलेलें असतें. १००० ला २३० नीं भागिलें असतां ४.३५ अँपिअर हा प्रवाह आला. २३० ला ४.३५ नीं भागिलें असतां सुमारें ५३ ओहम हा रोध आला. आतां गांवांत दाब उतरून १८० व्होल्ट झाला असें समजा. सळईचा रोध जवळजवळ तितकाच राहतो. म्हणून प्रवाह १८० ÷ ५३ म्हणजे ३.४ अँपिअर, आणि शक्ति १८० × ३.४ म्हणजे ६१२ वॅट. दाब २२ टक्क्यांनीं उतरला, परंतु शक्ति ३९ टक्क्यांनीं उतरली. पाणी तापण्यास उशीर लागेल, एवढेंच. सळईस त्यापासून कांहीं इजा नाहीं, कारण तिच्यांतून जाणारा प्रवाह कमीच झाला आहे.

मोटार उलट वागते

मोटारीची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. मोटारीच्या गुंडाळीचा रोध मोजून पाहिला तर तो दोनतीन ओहमच भरतो. त्यावर ओहमचा नियम तसाच लावला तर ऐंशीं-नव्वद अँपिअर प्रवाह वाहावयास पाहिजे. प्रत्यक्षांत आठ-नऊच वाहतो. याचें कारण असें कीं, फिरती मोटार आपल्या गुंडाळींत येणाऱ्या दाबास विरोध करणारा उलट दाब स्वतःच उत्पन्न करते. नुसत्या गुंडाळीच्या रोधावरून मोटारीचा प्रवाह काढूं नये तो याचसाठीं.

मोटारीवर पाणी उचलण्याचें काम लादलेलें असतें. दाब उतरला म्हणून विहीर उथळ होत नाहीं. तितक्याच खोलीवरून जवळजवळ तितकेंच पाणी उचलावयाचें असल्यामुळें मोटार जवळजवळ तितकीच शक्ति मागते. आणि शक्ति म्हणजे दाब गुणिलें प्रवाह असल्यामुळें दाब कमी झाला कीं प्रवाह वाढलाच पाहिजे. २३० व्होल्टांवर ८ अँपिअर घेणारी मोटार १७८ व्होल्टांवर सुमारें १० अँपिअर घेऊं लागते. गुंडाळींत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. ८ चा वर्ग ६४, १० चा वर्ग १००. म्हणजे प्रवाह चतुर्थांशानें वाढला, परंतु उष्णता ५६ टक्क्यांनीं वाढली. गुंडाळीवरील रोगण ही उष्णता कांहीं दिवस सोसतें, मग करपतें, आणि शेवटीं तारेस तार लागून मोटार जळते. कमी दाबानें सळई सुस्त होते, मोटार मात्र मरते, हें सूत्र प्रत्येक ओलितदारानें पाठ करावें.

एका विहिरीचा दाखला

आमच्या शिवारांतील एका कास्तकाराची दीड अश्वशक्तीची, एक फेजची मोटार एकाच हिवाळ्यांत दोनदां जळाली. मीटरपासून विहीर ३०० मीटर. तार तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची. कारागिरानें खराब तार वापरून मोटार भरली असावी असा त्यांचा समज होता. गांवांतील वायरमननें मोटार बंद असतांना विहिरीवर दाब मोजला. तो २३० व्होल्ट भरला. दाब पूर्ण आहे, तेव्हां दोष कारागिराचाच, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष ओहमच्या नियमास धरून नव्हता. तारेंत जो दाब खर्च होतो तो प्रवाह गुणिलें रोध इतका असतो. मोटार बंद असतांना प्रवाह शून्य. शून्यास कितीहि मोठ्या रोधानें गुणिलें तरी उत्तर शून्यच. म्हणून बंद मोटारीजवळ दाब नेहमी पूर्णच दिसतो. दाब मोजावयाचा तो मोटार चालू असतांना, आणि दोन्ही टोकांस.

तसें मोजल्यावर मीटरपाशीं २३० व्होल्ट, विहिरीवर १७८ व्होल्ट आणि प्रवाह १० अँपिअर असे आंकडे आले. तारेंत खर्च झालेला दाब ५२ व्होल्ट. त्यास १० नीं भागिलें, तारेचा रोध ५.२ ओहम निघाला. आतां तो असावयास किती पाहिजे हें पाहूं. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारें ०.०१७५ ओहम असतो. अॅल्युमिनमच्या तारेचा सुमारें ०.०२८ ओहम. लांबी वाढली तर रोध त्या प्रमाणांत वाढतो, जाडी वाढली तर त्या प्रमाणांत घटतो. म्हणून ६०० × ०.०१७५ ÷ २.५ म्हणजे ४.२ ओहम.

हिशेबानें ४.२, मोजणींत ५.२. हा एक ओहमचा फरक आला कोठून? खातेवहींत जमा व खर्च यांचा मेळ बसला नाहीं कीं कोठें तरी नोंद दडलेली असते, तसेंच येथेंहि झालें. तार तपासतां बांधावरील बाभळीजवळ नुसता पीळ देऊन केलेला एक सांधा सांपडला. त्यावरील चिकटपट्टी काळी पडली होती. त्या एका सांध्यांत १० × १० × १ म्हणजे १०० वॅट शक्ति उष्णता होऊन जात होती. शंभर वॅटांचा जुना दिवा हातानें धरवत नसे, हें ज्यांस आठवत असेल त्यांस या सांध्याची स्थिति सहज कळेल.

सांधा नीट केला तरी ४.२ ओहम शिल्लक राहतातच. म्हणून त्यांनीं पुढें तारच बदलून ६ चौरस मिलिमीटरची घातली. तिचा रोध ६०० × ०.०१७५ ÷ ६ म्हणजे १.७५ ओहम. आतां चालू मोटारीवर २१५ व्होल्ट व साडेआठ अँपिअर असे आंकडे येतात. जुन्या तारेंत १० × १० × ५.२ म्हणजे ५२० वॅट जळत होते, नव्या तारेंत ८.५ × ८.५ × १.७५ म्हणजे सुमारें १२६ वॅट जळतात. आठ तासांच्या पाळींत पूर्वीं चार युनिटांहून अधिक वीज बांधाबांधानें उष्णता होऊन उडत होती, आतां एक युनिट उडते. दहा चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनमची तार घातली असती तर रोध १.६८ ओहम, म्हणजे जवळपास तितकाच, झाला असता. परंतु अॅल्युमिनमचे सांधे लवकर ढिले पडतात व गंजतात, म्हणून ते योग्य लग्ज घालून दाबून करावे लागतात.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू झाल्यामुळें तारेंत उडणाऱ्या युनिटांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वीज मोफत असली तरी मोटार मोफत नाहीं, आणि पीक तर नाहींच नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

सुरू होण्याची घटका

थांबलेली मोटार सुरू होतांना तिच्यांत उलट दाब नसतो. त्या क्षणीं ती नेहमीच्या पांच ते सातपट प्रवाह ओढूं पाहते. वरील मोटारीचा सहापट म्हणजे ४८ अँपिअर प्रवाह धरला, तर थांबलेल्या स्थितींत तिचा एकूण अडथळा २३० ÷ ४८ म्हणजे सुमारें ४.८ ओहम झाला. जुन्या तारेचा ५.२ ओहम रोध त्याच्या पुढें उभा होता. एकंदर दहा ओहमांत मोटारीच्या वांट्यास ४.८ येतात, म्हणजे २३० पैकीं केवळ ११० व्होल्ट. मोटारीचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. दाब निम्म्याहून कमी झाला तर जोर चतुर्थांशाहून कमी होतो. मोटार गुणगुणते, परंतु फिरत नाहीं, याचा अर्थ हाच. गुणगुणणारी मोटार एकसारखा जबर प्रवाह ओढीत असते व थोड्या वेळांत जळूं शकते. अशा वेळीं पुन्हां पुन्हां खटका दाबूं नये. हा हिशेब ढोबळ आहे, कारण मोटारीचा अडथळा निव्वळ रोधाचा नसतो. तथापि तारेची निवड करण्यास तो पुरेसा आहे. नव्या जाड तारेवर याच मोटारीच्या वांट्यास सुरू होतांना सुमारें १६८ व्होल्ट येतात, व ती बिनतक्रार फिरते.

तीन फेजची मोटार

तीन ते साडेसात अश्वशक्तीच्या मोटारी बहुधा तीन फेजवर चालतात. त्यांच्या शक्तीचा हिशेब असा : शक्ति = १.७३२ × दाब × प्रवाह × शक्तिगुणक. येथें दाब म्हणजे दोन फेजांमधील दाब. तो सामान्यतः ४१५ व्होल्ट धरतात. १.७३२ हें तिहींचें वर्गमूळ आहे. शक्तिगुणक म्हणजे काय? दोन बैल एका जुवाला जुंपले, परंतु एकाचें पाऊल दुसऱ्याच्या पावलाशीं जुळलें नाहीं, तर दोघेहि दमतात व नांगर त्या मानानें पुढें जात नाहीं. मोटारींतील दाब व प्रवाह यांचीं पावलें अशींच कांहींशीं मागेंपुढें पडतात. जुळणी पूर्ण असेल तर गुणक १. मोटारींत तो सुमारें ०.८ असतो. योग्य मापाचा कॅपॅसिटर बसविल्यास लाइनीवरील हा गुणक सुधारतो, प्रवाह कमी होतो, आणि तारेवरचा व डीपीवरचा भार हलका होतो.

पांच अश्वशक्तीची मोटार ८ अँपिअर घेत असेल तर १.७३२ × ४१५ × ८ × ०.८ म्हणजे सुमारें ४६०० वॅट वीज आंत जाते. मोटार शंभरापैकीं ऐंशीं भाग कामास लावते असें धरलें तर ३६८० वॅट, म्हणजे ४.९ अश्वशक्ति बाहेर मिळते. हिशेब जुळला. तीच मोटार १२ अँपिअर घेऊं लागली तर कांहीं तरी बिघडलें आहे हें पंप उघडण्यापूर्वींच कळतें : दाब उतरला असेल, बेअरिंग जाम झालें असेल, किंवा पंपांत रेती शिरली असेल. दाब मोजतांच पहिल्या कारणाचा निकाल लागतो.

तीन फेजांपैकीं एक फेज गेला तर तिघांचें काम दोघांवर पडतें. भरल्या कामावरील मोटारीच्या उरलेल्या दोन तारांत सुमारें १.७३ पट प्रवाह वाहूं लागतो. त्याचा वर्ग तीन, म्हणजे उष्णता तिप्पट. फेज गेला कीं मोटार आपोआप बंद करणारें साधन स्टार्टरमध्यें बसवून घ्यावें. एक फेज नसतांना कॅपॅसिटर लावून मोटार दामटण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. वरील आंकडा पाहिल्यावर तिच्याविषयीं अधिक लिहिण्याची जरुरी नाहीं.

दाब वाढविल्यानें काय साधतें

तितकीच शक्ति न्यावयाची असेल तर दाब वाढवावा म्हणजे प्रवाह कमी होतो, आणि तारेंतील नाश प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें घटतो. ४१५ व्होल्टांऐवजीं ११,००० व्होल्टांनीं वीज नेली तर प्रवाह साडेसव्वीस पटींनीं कमी होतो, आणि त्याच तारेंत होणारा नाश सुमारें सातशें पटींनीं. खोपोली येथें १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें व तेथील वीज घाटाखालून मुंबईच्या गिरण्यांस पुरविली गेली, ती याच तत्त्वावर, उच्च दाबानें. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याचे भाग पडून वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. २०१८ पासून कृषिपंपांसाठीं उच्चदाब वितरण प्रणालीची योजना राज्यांत हातीं घेण्यांत आली. तींत ११,००० व्होल्टांची वाहिनी शेताजवळ आणून एकादोन पंपांस मिळून एक लहान रोहित्र देतात. एका मोठ्या डीपीवर अनेक पंप व तेथून लांबच लांब कमी दाबाच्या तारा, या जुन्या रचनेंत शेवटच्या पंपास दाब कां मिळत नाहीं, हें आतां वाचकांस सांगावयास नको. जुन्या रचनेंत एकानें चोरून आंकडा टाकला तर त्याचा प्रवाहहि त्याच तारेंतून जातो, आणि शेवटच्या कास्तकाराचा दाब तितका आणखी उतरतो.

सौरपंप

२०१९ सालीं केंद्राची कुसुम योजना व २०२४ सालीं राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना आल्यापासून सौरपंप पुष्कळ ठिकाणीं दिसूं लागले आहेत. सौर पट्टीची वीज एकाच दिशेनें वाहते, म्हणून तेथें शक्तिगुणकाची कटकट नाहीं. पट्टीच्या मागें छापलेला दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला कीं शक्ति निघते. ३७.२ व्होल्ट व ८.६ अँपिअर असें लिहिलें असेल तर ती ३२० वॅटांची पट्टी होय. अशा १५ पट्ट्या मिळून ४८०० वॅट होतात, व ते पांच अश्वशक्तीच्या पंपास सामान्यतः पुरतात. पट्ट्या एकापुढें एक जोडल्या तर त्यांच्या दाबांची बेरीज होते, शेजारीशेजारी जोडल्या तर प्रवाहांची. पंधराहि पट्ट्या एकापुढें एक जोडल्यास दाब ५५८ व्होल्ट होतो; तो जीवघेणा आहे, आणि ऊन आहे तोंवर तो खटक्यानें पट्टींतून नाहींसा होत नाहीं. एका पट्टीवर सावली पडली किंवा धूळ बसली तर त्या सबंध ओळीचा प्रवाह अडतो. म्हणून पट्ट्या वरचेवर सकाळीं थंड असतांना धुवाव्या.

जिवाचा हिशेब

आतांपर्यंतचा हिशेब पैशाचा होता, हा पुढचा जिवाचा आहे. कोरड्या कातडीचा रोध कित्येक हजार ओहम असतो. परंतु चिखलांत अनवाणी उभ्या असलेल्या, हात भिजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. जीव वाचविण्यासाठीं घरांत बसवितात तें गळतीरोधक खटक्याचें साधन ०.०३ अँपिअरलाच वीज तोडतें, यावरून ०.२३ अँपिअर किती घातक आहे हें ताडावें. रानडुक्कर व रोही यांच्या त्रासामुळें कुंपणांत थेट वीज सोडणाऱ्यांनीं हा भागाकार एकवार स्वतः करून पाहावा. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेस जनावरापेक्षां रात्रीं पाणी द्यावयास निघालेला शेजारी आधीं लागूं शकतो. मान्यताप्राप्त सौरकुंपणाचें यंत्र क्षणार्धाचे, मर्यादित झटके देतें. त्याची व थेट विजेची बरोबरी नाहीं.

अर्थिंगचें महत्त्वहि याच नियमानें कळतें. स्टार्टरच्या लोखंडी पेटीस आंतून फेज लागला असें समजा. जमिनींतून परत जाण्याच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम असेल तर २३० ÷ ५ म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहतो, दहा अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळतो व पेटी निर्धोक होते. तोच रोध १०० ओहम असेल तर प्रवाह फक्त २.३ अँपिअर, फ्यूज शाबूत राहतो, आणि पेटी हात लावणाराची वाट पाहत विजेनें भरलेली राहते. आपल्या काळ्या जमिनींत ओल आहे तोंवर रोध कमी असतो. परंतु उन्हाळ्यांत तिला भेगा पडून ती गजापासून सुटते. मुरमाड माळावर तर रोध मुळांतच अधिक. म्हणून अर्थिंगचा खड्डा कोळसा व मीठ घालून भरावा, त्यांत उन्हाळ्यांत अधूनमधून पाणी ओतावें, आणि फ्यूजच्या जागीं जाड तारेचे पेड कधींहि अडकवूं नयेत.

मोजणी व नोंद

या सर्व हिशेबास क्लँप मीटर नांवाचें एकच साधन पुरतें. त्याचा चिमटा एका तारेभोंवतीं धरला कीं तार न कापतां प्रवाह कळतो, आणि त्याच्याच सुयांनीं दाब व रोधहि मोजतां येतो. दोन तारा एकदम चिमट्यांत धरल्यास जाणारा व येणारा प्रवाह परस्परांस खाऊन आंकडा शून्य येतो. म्हणून एकच तार धरावी. रोध मोजतांना वीज पूर्ण बंद असलीच पाहिजे. दाबाची मोजणी उघड्या टोकांवर करावयाची असल्यामुळें ती जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी. भागाकार मात्र आपला आपण करावा.

प्रत्येक ओलितदारानें एक लहान वही ठेवावी. तींत तारीख, मोटार चालू असतांनाचा मीटरपाशीं दाब, विहिरीवरील दाब, प्रत्येक फेजचा प्रवाह, आणि निघालेला रोध असे रकाने पाडावे. हंगामाच्या आरंभीं एकदां, मध्यें एकदां व मोटार भरून आल्यावर एकदां नोंद घ्यावी. रोध वाढला तर दोष आपल्या तारेचा किंवा सांध्याचा. मीटरपाशींच दाब उतरला तर दोष वाहिनीचा, व तशी लेखी तक्रार तारीखवार आंकड्यांसह कंपनीकडे द्यावी. दोन्ही ठीक असून प्रवाह वाढला तर दोष मोटारीचा किंवा पंपाचा. नुसत्या तोंडी गाऱ्हाण्यापेक्षां तारीख व आंकडे असलेल्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते, हें दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसानें वेगळें सांगावयास नको.

एका मोटारीच्या भरण्याचा जो खर्च येतो त्याहून क्लँप मीटर पुष्कळच स्वस्त मिळतो. गांवोगांवच्या सभासदांनीं वर्गणी करून गांवाकरितां एक विकत घ्यावा, तो जबाबदार इसमाच्या ताब्यांत ठेवावा, आणि येत्या रब्बीपूर्वीं आपापल्या विहिरीचा रोध एकदां काढून वहींत लिहून ठेवावा, अशी सर्व कास्तकार बंधूंस आग्रहाची विनंति आहे.